तीन वेळा थेरपी झाली, तोतरेपणा तसाच आहे. आता काय करायचं?

तुमच्या पत्राचा गोषवारा असा: वय 31, लहानपणापासून तीव्र तोतरेपणा. तीन वेगवेगळ्या थेरपिस्टकडे जाऊन झालं. दर वेळी सेशनमध्ये बोलणं सुधारलं आणि थेरपी संपल्यावर काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. घरचे म्हणतात, तू सराव करत नाहीस. आईच्या मनात आहे की तिच्या धाकामुळेच हे झालं. आता चौथ्यांदा थेरपी घ्यावी, की हे असंच राहणार म्हणून गप्प बसावं, असं तुम्ही विचारताय. आणि अगदी शेवटी, एकाच ओळीत: उद्या मूल झालं तर त्यालाही होईल का?

त्या ओळीकडे शेवटीच येते. आधी सरावाचं बोलू, कारण तुमच्या मनाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतंय.

सराव कमी पडला म्हणून तोतरेपणा परत आला, हे खरं नाही. मोठ्या वयातला तीव्र तोतरेपणा थेरपीनंतर पुन्हा उसळतो ही आम्हा वाचा-उपचारतज्ज्ञांच्या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे. आम्हाला शिकवतानाच त्याबद्दल शिकवलं जातं. तुमच्या पहिल्या थेरपिस्टने पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही म्हणून तुम्ही तिन्ही वेळा नापास झाल्यासारखे बाहेर पडलात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही, बुद्धी कमी असल्याने येत नाही आणि कुणाची नक्कल केल्यानेही लागत नाही. मूल शब्दाला शब्द जोडून वाक्यं करू लागतं त्या वयात, साधारण 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान, तो सुरू होतो. शंभरातल्या पाचेक मुलांमध्ये तरी तो कधी ना कधी दिसतो आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचा पुढे जातो, बऱ्याचदा काहीही न करता. मुलींमध्ये जाण्याचं प्रमाण जास्त, म्हणून मोठ्यांमध्ये एका स्त्रीमागे तीन-चार पुरुष अडखळत बोलताना दिसतात. सगळे मिळून हिशेब केला तर शंभरात सुमारे एक माणूस. तुम्ही त्या एकात आहात, आणि त्यात तुमचा काही हात नाही.

मेंदूच्या स्कॅनमध्ये फरक दिसतात. बोलण्याची आखणी करणारे आणि ओठ-जीभ-स्वरयंत्राला हुकूम सोडणारे डाव्या बाजूचे भाग ज्या तंतूंनी जोडलेले असतात, त्यांची बांधणी थोडी वेगळी असते. हालचालीची नेमकी वेळ साधणाऱ्या खोलवरच्या केंद्रांचं, म्हणजे बेसल गँग्लियाचं, कामही वेगळं चालतं. शब्द तुम्हाला ठाऊक असतो, वाक्य डोक्यात तयार असतं, पण पुढच्या अक्षराची हालचाल सुरू करण्याचा इशारा वेळेवर पोचत नाही. घराण्यात हे चालत येतं हे पूर्वीपासून दिसत होतं. 2010 साली डेनिस ड्रेना या अमेरिकी संशोधकाच्या गटाने, मुख्यतः पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून सुरुवात करून, तोतरेपणाशी जोडलेली पहिली काही जनुकं दाखवली. ती फार थोड्या लोकांत सापडतात, बाकीच्यांत अनेक जनुकांचा बारीक बारीक वाटा असतो. पण हा शरीराचा मामला आहे, हे त्यातून पक्कं झालं.

तुम्ही गाताना अडत नाही, मांजराशी बोलताना अडत नाही, चारचौघांबरोबर एका सुरात वाचताना अडत नाही. हे जवळजवळ सगळ्यांच्याच बाबतीत होतं. गाण्यात ताल आणि शब्द दोन्ही आयते मिळतात, बरोबर वाचताना दुसऱ्याचा आवाज वेळ पुरवतो. घरच्यांना मात्र वाटतं, "गाताना जमतं म्हणजे मनावर घेतलं तर बोलतानाही जमेल." तसं नाही. गाणं आणि बोलणं मेंदूला वेगवेगळ्या वाटांनी करावं लागतं. तोतरेपणा दिवसागणिक कमी-जास्त होतो हेही त्याच्या स्वभावातच आहे. सोमवारी बरं गेलं म्हणून मंगळवारी वाईट गेल्याचा दोष तुमच्यावर येत नाही.

आता थेरपीबद्दल. तुम्हाला तिन्ही ठिकाणी जे शिकवलं ते वर्णनावरून एकाच जातीचं दिसतं: स्वर लांबवून बोलायचं, आवाज हलकेच सुरू करायचा, ओठ-जीभ हलक्या टेकवायच्या, एका श्वासात शब्द एकमेकांना चिकटवत जायचं. हे तंत्र खोटं नाही. कितीही तीव्र तोतरेपणा असला तरी या पद्धतीने बोलताना अडखळणं झपाट्याने कमी होतं, तेही पहिल्या काही सेशनमध्येच. म्हणून तर सगळ्यांच्या आशा तिथेच वाढतात.

अडचण किमतीची आहे. आपण बोलतो तेव्हा लक्ष काय बोलायचं याकडे असतं, कसं बोलायचं याकडे नसतं. हे तंत्र वापरताना मात्र प्रत्येक अक्षरावर पहारा ठेवावा लागतो. शांत खोलीत, ओळखीच्या माणसासमोर, वेळेचं बंधन नसताना हा पहारा ठेवता येतो. बाहेर समोरचा घाईत असतो, मागे रांग असते, विषय महत्त्वाचा असतो, आणि लक्षाचा सगळा साठा तिकडे खर्च होतो. तंत्राची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच ते हाताशी नसतं. शिवाय आवाज सपाट, यंत्रासारखा होतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी सांगितलंय की असं गुळगुळीत बोलण्यापेक्षा अडखळणं परवडलं, निदान तो आवाज माझा असतो. त्यांच्या या निर्णयाला आळस म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

एक प्रसंग जवळून बघू. काउंटरवरची व्यक्ती मान वर न करता विचारते, "नाव?" समजा नाव 'प'वरून सुरू होतं. प्रश्न कानावर पडण्याआधीच, रांगेत दोन माणसं पुढे असताना, तुम्हाला कळलेलं असतं की हे अडणार. श्वास वरच्या वर अडकतो. ओठ मिटतात आणि सुटतच नाहीत. आत हवा दाबली जाते, मान ताठ होते, स्वरयंत्र कुलूप लावल्यासारखं बंद. तुम्ही जोर लावता, जोराने ओठ आणखी घट्ट मिटतात. डोळे मिटले जातात किंवा नजर खाली जाते. तीन-चार सेकंद जातात, आणि ती व्यक्ती हसून म्हणते, "नाव विसरलात की काय?"

स्वतःचं नावच जास्त का अडतं? कारण त्याला पर्यायी शब्द नाही. बाकी सगळीकडे तुम्ही क्षणात शब्द बदलता: 'पाणी'ऐवजी 'जरा प्यायला द्या', 'मंगळवारी'ऐवजी 'परवा'. नावाला ही पळवाट नसते, फोनवर तर हातवारे आणि चेहराही कामाला येत नाहीत. म्हणून नाव आणि फोन ही दोन दुखणी जवळपास सगळ्यांची सारखी.

या प्रसंगात मूळ तोतरेपणा किती आणि त्याच्याशी झालेली झटापट किती, हे वेगळं करून बघा. इशारा उशिरा पोचला, ओठ क्षणभर अडले, एवढाच मूळ भाग. जोर लावणं, मान ताठ करणं, डोळे मिटणं, पाय आपटणं, मध्येच 'म्हणजे, म्हणजे' घालणं हे सगळं नंतर शिकलेलं आहे. कधीतरी डोळे मिटल्यावर योगायोगाने शब्द सुटला होता, मेंदूने ते लक्षात ठेवलं. पुढे त्याचा उपयोग संपला तरी सवय अंगवळणी पडून राहिली. तीव्र तोतरेपणातला लोकांना दिसणारा बराचसा भाग हा असा असतो, आणि थेरपीचा हात इथे खरोखर पोचतो. मूळ अडणं आम्हाला काढता येत नाही. झटापट पुष्कळ कमी करता येते.

हे काम करणारी दुसरी परंपरा आहे. ती अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांच्यापासून चालत आली. ते स्वतः तीव्र तोतरे होते आणि आयुष्यभर थोडेफार अडखळतच राहिले. त्यांचा भर अडखळणं थांबवण्यापेक्षा सहजपणे अडखळण्यावर होता. प्रत्यक्षात ते असं: 'प'वर ओठ अडले की जोर वाढवायचा नाही, तिथेच थांबायचं. ओठ किती घट्ट आहेत, जीभ कुठे आहे, घसा आवळलाय का, हे आतून चाचपायचं. मग हळूहळू ओठांची पकड सैल करत हवा थोडी बाहेर सोडायची आणि त्याच सैलपणाने पुढच्या स्वरावर सरकायचं. अडणं लपत नाही, ऐकणाऱ्याला ते कळतंच. पण सात सेकंदांची धडपड दोन सेकंदांच्या मोकळ्या अडखळण्यावर येते आणि शब्द तुम्हीच, तुमच्या इच्छेने पुढे नेता.

याच्या जोडीला एक विचित्र वाटणारा व्यायाम असतो: मुद्दाम अडखळायचं. न अडणाऱ्या शब्दावर, अनोळखी माणसासमोर, डोळ्याला डोळा देऊन, "मला प-प-पत्ता विचारायचा होता." पहिल्यांदा हे सांगितलं की लोक माझ्याकडे रागाने बघतात. साहजिक आहे, ज्याच्यापासून जन्मभर पळ काढला तेच आपणहून करायला सांगितलं जातंय. पण ज्याची लाज लपवण्यात सगळी शक्ती जाते ते स्वतःच्या मर्जीने उघडं केलं की धसका ओसरतो, आणि धसका ओसरला की स्नायूंवरचा ताणही उतरतो. हे एकदा करून होत नाही. सोबत कुणीतरी लागतं, म्हणून मी पहिले काही दिवस स्वतः बरोबर जाते आणि आधी मीच मुद्दाम अडखळून दाखवते.

जोसेफ शीहन या मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती, तेही स्वतः अडखळणारे. ऐकू येणारं अडखळणं पाण्यावर दिसतं तेवढंच. भीती, लाज, अपराधीपणा आणि टाळाटाळ पाण्याखाली. तुमच्या पत्रात मला हा खालचा भागच जास्त दिसला. तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये मुद्दा माहीत असून बोलला नाहीत आणि तोच मुद्दा दुसऱ्याने मांडला. बढती नाकारलीत, कारण त्यात फोन जास्त होते. हॉटेलात हवं ते मागवण्याऐवजी जे उच्चारता येईल ते मागवता. हे मोजणारी पट्टी तुमच्या तिन्ही थेरपिस्टकडे बहुधा नव्हती. शंभर अक्षरांत किती वेळा अडलात, हे मोजलं गेलं. किती गोष्टी सोडून दिल्यात, हे कुणी विचारलं नाही.

म्हणून चौथ्यांदा थेरपी घ्यावी का, याचं माझं उत्तर: तीच थेरपी परत घेऊ नका. घेतलीत तर उद्दिष्ट बदलून घ्या. पहिल्या भेटीत थेरपिस्टला सरळ विचारा की माझं अडखळणं फारसं कमी झालं नाही तरी तुम्ही यशस्वी कशाला म्हणाल. उत्तर 'तुम्ही फोन उचलायला लागलात तर', 'शब्द बदलणं सोडलंत तर', 'बोलताना दमणं कमी झालं तर' अशा अंगाने आलं, तर माणूस योग्य आहे. 'तसं होणारच नाही, पूर्ण बरं करू' असं आलं तर उठून या. मोठ्या माणसांच्या तोतरेपणावर नियमित काम करणारेच थेरपिस्ट शोधा. या विषयात प्रत्येक वाचा-उपचारतज्ज्ञाचा हात बसलेला नसतो. खोलीबाहेर, खऱ्या फोनवर, खऱ्या दुकानात काम करायला तयार नसेल असा थेरपिस्ट तुमच्या उपयोगाचा नाही.

हमखास बरं करण्याच्या जाहिरातींबद्दल दोनच शब्द. हा धंदा जुना आहे. 1841 साली बर्लिनमध्ये डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापायच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. आज सुरी नाही, पण दहा दिवसांची शिबिरं आहेत आणि शेवटच्या दिवशी काढलेले व्हिडिओ आहेत. तो व्हिडिओ खरा असतो, फक्त सहा महिन्यांनंतरचा कुणी दाखवत नाही. आपलाच आवाज किंचित उशिराने कानात ऐकवणारी यंत्रं मिळतात. काहींना खूप फायदा होतो, काहींना मुळीच नाही, अनेकांत सुरुवातीचा परिणाम ओसरतो, म्हणून आधी काही आठवडे वापरून बघता आलं तरच विकत घ्या. औषधांचं म्हणाल तर तोतरेपणासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिलेलं एकही औषध आजवर नाही. मनोविकारांवरच्या काही औषधांनी थोडा उतार पडतो, पण त्यांचे दुष्परिणाम हलके नसतात.

आईबद्दल. तिला हा परिच्छेद वाचून दाखवा. आईवडिलांच्या टोकण्यामुळे मूल तोतरं होतं, हा सिद्धांत विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेंडेल जॉन्सन यांनी मांडला आणि अनेक वर्षं त्यानेच जगभरच्या आयांना अपराधी ठरवलं. 1939 साली त्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात 22 मुलांवर प्रयोग झाला. त्यात नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तू तोतरं बोलतोस' असं सतत सांगण्यात आलं. ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प गप्प, भेदरलेली झाली. काहींना त्याचा त्रास जन्मभर पुरला. जॉन्सन यांच्या आयोवा विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली, 2007 मध्ये आयोवा राज्याला भरपाईही द्यावी लागली. तर आईच्या धाकाने तोतरेपणा येत नाही. रागावल्याने मूल बोलायला घाबरू शकतं, पण तुमच्या मेंदूची ती घडण तिने केलेली नाही. तिने आता एवढंच करावं: तुमचं वाक्य पुरं करू नये, 'सावकाश', 'श्वास घे' म्हणू नये आणि तुम्ही अडलात तरी नजर वळवू नये.

'गप्प बसावं का' हे तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त टोचलं. तोतरेपणा राहणार हे मान्य करणं वेगळं आणि बोलणं सोडणं वेगळं. पहिलं केल्याने दुसरं टळतं, असा माझा अनुभव आहे. मुलाखतीत सुरुवातीलाच सांगा: "मी अडखळत बोलतो. एखाद्या शब्दाला वेळ लागेल, पण उत्तर मी पूर्ण देईन." माफी नको, प्रस्तावना नको. लपवायचं ओझं उतरल्यावर अनेकांचं अडखळणंही थोडं कमी होतं. नाही झालं तरी समोरच्याला आता काय चाललंय ते ठाऊक असतं. अडखळणाऱ्या लोकांच्या गटात जा. आपल्यासारखं बोलणारं दुसरं माणूस मोठ्या वयापर्यंत न भेटलेले लोक मला नेहमी भेटतात, आणि पहिल्या बैठकीत दुसऱ्याचं दहा सेकंदांचं अडणं शांतपणे ऐकून घेताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एवढं करूनही वाईट दिवस येतील. रात्री नीट झोप झाली नाही, अंगात ताप असला, वाद झाला की बोलणं कोलमडेल. दिवसभर झगडून बोलल्यावर संध्याकाळी कुणाशी एक शब्द बोलू नये असं वाटेल, तो थकवा खरा आहे. अस्खलित बोलता यावं ही इच्छा मनात राहीलच, तिची लाज बाळगू नका. मान्य केलं म्हणजे दुःख व्हायचं थांबतं असं नाही. पण लोकांत जायची भीती इतकी वाढली की दिवसच्या दिवस घराबाहेर पडवत नाही, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर ते तोतरेपणाचा भाग म्हणून सोसत बसू नका. समाजभयावर मानसोपचार उत्तम चालतात आणि ते वाचा-उपचारांपेक्षा वेगळे असतात. दोन्ही एकाच वेळी घ्यायला काही हरकत नाही.

शेवटी मुलाचं. आई किंवा वडील तोतरे असतील तर मुलात तोतरेपणा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे लपवणार नाही. पण येईलच असं नाही, आणि आला तरी बहुतेकांचा जातो. लहान वय ही या विकारातली सगळ्यात आशेची जागा आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लिडकोंब नावाची पद्धत आहे. ती ऑस्ट्रेलियात विकसित झाली. तीत पालक रोज थोडा वेळ मुलाशी बोलताना सहज आलेल्या बोलण्याचं कौतुक करतात आणि थेरपिस्ट दर आठवड्याला पालकांना मार्गदर्शन करतो. 2005 मध्ये आलेल्या चाचणीत ती उपचार न घेता वाट बघण्यापेक्षा स्पष्ट सरस ठरली. दुसऱ्या पद्धतीत घरातल्या बोलण्याचा वेग आणि मुलावरच्या अपेक्षांचा ताण कमी करतात. 2015 मध्ये नेदरलँड्समध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा दीड वर्षानंतरचे निकाल जवळपास सारखे आले. कुठलीही निवडा, पण मूल अडखळायला लागून सहा महिने झाले आणि कमी होत नसेल, किंवा अडताना त्याचा चेहरा आवळायला लागला, तर 'मोठा झाला की सुटेल' म्हणत बसू नका. तुमच्या घराण्यात आहे, म्हणून तुम्ही इतरांपेक्षा लवकर दाखवा. आणि ते आपणहून विचारेल, "बाबा, तुमचं बोलणं असं का?", तेव्हा त्याला खरं उत्तर द्या, अडखळत का होईना, पूर्ण वाक्यात.